तोंडानं बोललं की भाव फुटतो

भानुदास आबांनी वर्गात पाऊल ठेवल्या ठेवल्या माझ्या मुलांचे दात तपासले.

तपासले म्हणजे अगदी रीतसर. एकेकाची हनुवटी धरायची, अंगठ्याने खालचा ओठ ओढायचा, आत डोकावायचं आणि निकाल द्यायचा. "आदत." पुढचा. "आदत." त्याच्या शेजारी रेश्मा, तिचे पुढचे दोन पक्के दात नुकतेच वर आलेले. "ही दुसा झाली." फळ्यावर लिहून मी वळून पाहीपर्यंत अर्धा वर्ग तपासून झाला होता आणि उरलेला अर्धा आपण होऊन तोंडं उघडून रांगेत उभा होता.

जनावरांच्या बाजारात बैलाचं वय दातांवरून ठरवतात. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आले की बैल जुळला. हे ज्ञान मला पुढे झालं. त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच की धोतर नेसलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक अनोळखी म्हातारा माझ्या मुलांच्या तोंडात बोटं घालतोय. मी ओरडले. आमची शाळा कर्णबधिर मुलांची, त्यामुळे ओरडण्याचा वर्गावर काही परिणाम होत नाही. म्हातारा मात्र वळला आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या उघड्या तोंडाकडे, निरखून बघायला लागला.

"बाई जुळलेल्या हायत," तो म्हणाला. "पर डाव्या अंगाची दाढ बिघडलीया."

त्या शनिवारी मी नगरला दातांच्या डॉक्टरकडे गेले. दाढ ठणठणीत होती. हे आबांना सांगितलं तर त्यांनी डॉक्टरची कीव केल्यासारखी मान हलवली. म्हणाले, "त्याला काय कळतंय, त्यो कवा बाजार फिरलाय?"

आता एवढं झाल्यावर माणसाला गेटबाहेर काढायला हवं होतं. पण त्या वेळी आबा पाहुणे होते. त्यांच्या पुतण्याच्या मुलाचा वाढदिवस होता आणि तो आमच्या शाळेत साजरा होत होता. असे वाढदिवस आमच्याकडे महिन्यातून तीन-चार तरी होतात. गाडी येते, केळी उतरतात, बिस्किटांचे पुडे उतरतात, मुलं ओळीत बसतात, फोटो निघतात. मग कुणीतरी डोळे पुसत म्हणतं, "देवानं यांना वाचा दिली नाही हो," आणि गाडी निघून जाते. सेवा करायला येणाऱ्यांचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार कॉलेजच्या पोरांचा. ती येतात, आठवडाभर मनापासून खुणा शिकतात आणि परीक्षा जवळ आली की अंतर्धान पावतात. तिसरा प्रकार मला माहीत नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या टेम्पोतून उतरला.

"आबा, काल काही राहिलं का तुमचं?" मी विचारलं.

"न्हाई. आलो." त्यांनी मैदानाकडे बोट केलं. मैदानाच्या या टोकाला रेश्मा होती, त्या टोकाला तिच्याच वर्गातला सोहेल. दोघांचं हातवाऱ्यांनी कडाक्याचं भांडण चाललं होतं. "ही पोरं हातानं बोलत्यात."

"हो. सांकेतिक भाषा म्हणतात."

"मंग माझ्याच धंद्याची हायत की!"

आबांचा धंदा घोडेगावच्या बाजारातला. गाय-बैलांची दलाली. विकणारा एकीकडे, घेणारा एकीकडे, मध्ये आबा. भाव तोंडाने बोलायचा नाही. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. पत्ता लागला तर दुसरं गिऱ्हाईक चढा भाव बोलतं आणि जमत आलेला सौदा फिसकटतो. "तोंडानं बोललं की भाव फुटतो," हे आबांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना येण्याचं कारण लेखी मागितलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं.

मोठ्या बाईंनी त्यांना परवानगी दिली. कारण साधं होतं. आमच्याकडे दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या आणि फुकट येणाऱ्या माणसाला नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती. "मुलांवर लक्ष ठेवतील, झाडांना पाणी घालतील," बाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गाला मदत होईल." आबा माझ्या वाट्याला आले ते असे.

आल्या आल्या त्यांनी माझ्या डोक्याला ताप सुरू केला. मुलांच्या कानातली श्रवणयंत्रं बघून त्यांनी विचारलं, "बिल्ले मारले व्हय? इन्सुरन्सचे?" गाई-म्हशींच्या कानाला मारतात ते बिल्ले. मी दात-ओठ खाऊन, म्हणजे दात न दाखवता, त्यांना समजावलं की हे यंत्र आवाज मोठा करतं, काहींना थोडंफार ऐकू येतं. हे कळल्यावर ते सरळ सोहेलच्या कानाशी वाकले आणि बाजारात पार पलीकडच्या टोकाला हाक पोचवावी अशा आवाजात ओरडले, "राम राम!" सोहेलने कान धरून खाली बसकण मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांचा चेहरा तसाच दगडी राहिला, पण ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले. इतका वेळ धरले की सोहेललाच हसू फुटलं. त्या दिवसापासून सोहेल त्यांचा झाला आणि माझ्या हातून गेला.

बरं, रागावायचं तरी कुणावर? मुलं त्यांच्यावर जीव टाकत होती. ते मुलांच्या पाठीवर बैलाला मारावी तशी थाप मारायचे. कोण कसा चालतो ते सांगायचे. "ह्यो चालीला चांगला हाय. ह्यो जरा अंग चोरतो." एकदा माझ्याकडे आलेल्या एका पालकांना, मुलीच्या वडिलांना, त्यांनी मुलीचं कौतुक म्हणून सांगितलं, "लई गुनाची हाय. मारकी न्हाई, लाथ घालत न्हाई." वडील माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं.

खरा घोळ झाला तो टॉवेलाने.

सांकेतिक भाषेत काही झाकून ठेवता येत नाही. आपण कुजबुजू शकतो, ही मुलं नाही. एकाने दुसऱ्याला काही सांगितलं की ते सगळ्या वर्गाला दिसतं, व्हरांड्यातल्या मावशींना दिसतं, मैदानापलीकडून येणाऱ्या मलाही दिसतं. आबांनी हातावर टॉवेल टाकून सोहेलची बोटं दाबली तेव्हा त्या पोराला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कानात सांगितल्यासारखं झालं. त्याचा चेहरा असा उजळला की मीही क्षणभर बघत राहिले. तिथेच चुकले. तिथेच टॉवेल जप्त करायला हवा होता.

आठवड्याभरात शाळेतला एकही नॅपकिन जागेवर राहिला नाही. जेवणाच्या पंगतीत नॅपकिनाखाली बोटं. प्रार्थनेला रुमालाखाली बोटं. कुणाचं काय ठरतंय ते कुणालाच कळेना. भाकऱ्या थापणाऱ्या मंदामावशी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "बाई, रेश्मा माझ्या हातावर फडकं टाकती आन् बोटं दाबती. म्या आपली हो म्हनते. आज तिनं तीन भाकरी नेल्या."

"तीन कशाला?"

"म्या हो म्हनले म्हनं!"

आणि गणित. आबांच्या धंद्यात एक बोट म्हणजे एक असेलच असं नाही. ते दहा असेल, शंभर असेल, हजार असेल. जनावर बघून ज्याचं त्याने समजायचं. माझ्या मुलांना मी वर्षभर घासून घासून पाचापुढे सहा शिकवलेलं. सोहेलने पाच आणि तीन मिळवले आणि उत्तर लिहिलं, ऐंशी. मी खुणेने विचारलं, ऐंशी कसे? त्याने खांदे उडवून उत्तर दिलं, "समोरचा बघून."

मी आबांना व्हरांड्यात गाठलं. "आबा, गणितात समोरचा बघायचा नसतो."

"मंग काय बघायचं?"

"काही नाही! पाच आणि तीन आठ. कुणीही समोर असला तरी आठ!"

"असं हाय व्हय," आबा म्हणाले, जणू गणिताविषयी त्यांना पहिल्यांदाच थोडं वाईट वाटलं होतं.

सगळ्यात कहर झाला त्याच दुपारी. मी गृहपाठाला दहा उदाहरणं घातली. सोहेल उठला, माझ्या टेबलापाशी आला, माझ्या हातावर नॅपकिन टाकला आणि त्याखाली माझी चार बोटं दाबली. मी रागाने हात ओढून घ्यायला हवा होता. त्याऐवजी मी आधी पाच, मग तीन, अशी त्याची आठ दाबली. त्याने पाच. मी सात. सहावर सौदा पटला. नॅपकिन घडी करून खिशात घालत तो जागेवर गेला, आणि आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. दारात आबा उभे होते. चेहऱ्यावर काही नाही, पण मिशी हलली होती.

अशातच जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आला. मोठ्या बाईंनी शाळा धुऊन काढली, तक्ते लावले, नॅपकिन गोळा केले. आणि आबांना स्वतः जाऊन सांगितलं, "उद्या मोठे साहेब येणार आहेत. उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल."

आबांनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा आणि कोरा करकरीत टॉवेल घेऊन साहेबांच्या आधी हजर.

साहेब सरळ आणि प्रामाणिक माणूस होते. पुढे जे झालं ते त्यांच्या प्रामाणिकपणामुळेच झालं. त्यांनी वर्ग बघितला, मुलांची विचारपूस केली, मी खुणा करून दोन्हीकडचं सांगत होते. पाच आणि तीन सगळ्यांना आठ आले. मला हायसं वाटलं. चहाला जाताना साहेब व्हरांड्यात जरा मागे राहिले आणि तेवढ्यात आबांनी त्यांना खांबाआड घेतलं. राम राम केला. साहेबांनी हात पुढे केला. आबांनी त्यावर टॉवेल टाकला.

मला दिसलं ते पाठमोरं. साहेबांचे खांदे एकदम ताठ झाले. मग ते विजेचा झटका बसावा तसे मागे सरले.

"हे काय चाललंय?" त्यांचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. "मॅडम! हे गृहस्थ कोण? हे मला दोन देऊ करताहेत!"

मोठ्या बाई हातात कपबशी घेऊनच धावत आल्या. "दोन काय, साहेब?"

"ते मला कसं माहीत? दोन बोटं दाबली यांनी! टॉवेलाखाली! शाळेसारख्या ठिकाणी तुम्ही हे असले..."

"देत न्हाई ओ साहेब, मागतोय," आबा शांतपणे म्हणाले. "दोन मास्तर कमी हायत हितं. म्हनलं, साहेबांच्या कानावर घालावं."

"मग तोंडाने बोलायचं ना!"

आबांनी इकडे तिकडे बघितलं, जवळ सरकले आणि साहेबांना समजुतीच्या सुरात म्हणाले, "तोंडानं बोललं की भाव फुटतो."

साहेब चहा न घेता गाडीत बसले. पुढे त्यांच्याकडून काहीच आलं नाही, ना कारवाई, ना मास्तर. पण ते आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मोठ्या बाई खुर्चीत बसून बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, उद्यापासून येऊ नका."

"मी?"

"तुमच्या वर्गातले आहेत ते."

जणू आबांना मी पटावर घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घोडेगावला गेले. वाटेत काय बोलायचं ते मनात पाठ केलं. शाळेची शिस्त, मुलांचं नुकसान, आमचा नाइलाज. तीन मुद्दे. दोन मिनिटांत उरकून परतीची एसटी पकडायची.

आबा घरी नव्हते. पुतण्याची बायको म्हणाली, "बाजाराचा दिस ना. बाजारात असत्याल."

म्हणून मी बाजारात गेले. मी या भागात इतकी वर्षं नोकरी करते, पण त्या गर्दीत कधी शिरले नव्हते. गाई, बैल, शेळ्या, शेणाचा आणि कडब्याचा वास, रांगेने लागलेले टेम्पो. मी टॉवेलाखालचे हात शोधत होते. होते, काही म्हातारे अजून तसे उभे होते. पण बाकी सगळीकडे मोबाईल होते. कुणी व्हिडिओ कॉलवर गाय दाखवत होता, कुणी कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून समोरच्याच्या नाकासमोर धरत होता, कुणी सरळ ओरडून भाव सांगत होता. आबांच्या भाषेत सांगायचं तर भाव चहूकडे फुटलेला होता.

आबा चहाच्या टपरीच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. एक तरुण व्यापारी, गळ्यात चेन, हातात फोन, त्यांच्या समोरून चालला होता. आबा त्याला म्हणाले, "काय रं, ती गीर गाय मोकळी हाय का अजून?" आणि बाकावरचा टॉवेल उचलून त्यांनी हात पुढे केला.

पोरगा थांबला. भला होता बिचारा. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला उठायचंय. त्याने आबांचा हात दंडापाशी धरला, ओढून त्यांना उभं केलं, "सावकाश आबा," म्हणाला आणि फोनवर बोलत पुढे गेला.

आबा उभे राहिले. उठायचं तर त्यांना नव्हतंच. थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग परत बसले.

मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. पण तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. "बाई! तुमी? गाय घ्यायची का काय?"

मी शेजारी बसले. शिस्त, नुकसान, नाइलाज. तीनातला एकही मुद्दा तोंडातून निघेना. आबांनी माझ्याकडे फक्त एकदा नीट बघितलं. माणसाचा चेहरा वाचणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता.

"सौदा मोडला म्हना की," ते म्हणाले.

"आबा, मोठ्या बाईंचं म्हणणं..."

"ऱ्हाऊ द्या. चुकलंच माझं. उनाचं आलात, च्या घ्या." त्यांनी चहा सांगितला. चहा आला, तो माझ्यापुढे सरकवला. मग समोरच्या बाजाराकडे बघत, भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात म्हणाले, "कसंय बाई, उभा जलम हितं काढला. सकाळपासनं दिस मावळंपर्यंत कुनाचा ना कुनाचा हात हातात असायचा. घरी मालकीन हुती. आता ती गेली, आन् हितलं बी सपलं. पोरगा पुन्याला. आता हात धरतो त्यो डाक्टर. त्यो बी घड्याळाकडं बघत."

मी चहाचा घोट घेतला. भलताच गोड होता.

"पोरं हात देत्यात वो," आबा म्हणाले. "मागावं लागत न्हाई."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मोठ्या बाईंचा, त्या चेनवाल्या पोराचा, मोबाईलचा, आणि सगळ्यात जास्त या म्हाताऱ्याचा, ज्याला हे आधी सांगता येत नव्हतं आणि आत्ताच, माझ्या एसटीच्या वेळेला, सांगायचं होतं.

"उद्या या," मी म्हणाले. "पण मदत करायला नाही, शिकायला यायचं. माझ्या वर्गात मुलांच्या ओळीत बसायचं. आमची भाषा शिकायची, आमचे आकडे शिकायचे. टॉवेल घरी ठेवायचा. आणि एकच तास."

मी वाट बघत होते की ते आता दिवसभर मागतील, मी दोन तास म्हणेन, मग तीनावर येऊ.

"तुमी म्हनाल तसं," आबा म्हणाले.

त्यांनी घासाघीस केली नाही. ते मला अजिबात आवडलं नाही. "बरं, दोन तास," मी आपणहून म्हणाले आणि एसटी चुकली.

मोठ्या बाईंना मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "टॉवेल दिसला तर आधी तुम्हाला बाहेर काढीन."

आबा मुलांच्या ओळीत बसायला लागले. इतका ढ विद्यार्थी माझ्या नोकरीत आला नव्हता. कासरे ओढून ओढून बोटं वाकडी झालेली, ती सरळ होईनात. 'पाणी' म्हणायला गेले की 'दारू' व्हायचं आणि वर्ग लोळायचा. आकडे तर विचारूच नका. शेवटी वैतागून मी म्हणाले, "आबा, तुम्हाला स्वतःला काय बोलायचंय ते सांगा. तेवढं शिकवते."

त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, आता बैल, गाय, बाजार असं काही मागतील.

"'जेवलास का' शिकवा," ते म्हणाले. "तेवढं आलं की बास."

हे सोपं होतं. पाचही बोटं जुळवून तोंडाकडे न्यायची. पण आमच्या भाषेत प्रश्न हातात नसतो, तो चेहऱ्यावर असतो. भुवया वर गेल्या की विचारलं, नाही गेल्या की सांगितलं. आणि आबांचा चेहरा! आयुष्यभर त्यांनी त्याच्यावर काहीही दिसू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाला आनंद कळू द्यायचा नाही, विकणाऱ्याला घाई कळू द्यायची नाही. ते सोहेलसमोर बसले, बोटं तोंडाकडे नेली आणि दगडासारखे बघत राहिले. सोहेलला त्याचा अर्थ कळला, "तू जेवलास." तो चिडला. त्याने जोरजोरात हात हलवून सांगितलं, नाही जेवलो, अजून घंटा कुठे झालीये! आबा रेश्माकडे वळले. "तू जेवलीस." तीही भांडायला उठली. सबंध वर्गाला ते ठणकावून सांगत सुटले की तुम्ही सगळे जेवलेले आहात, आणि सगळा वर्ग त्यांच्यावर धावून आला.

"आबा, भुवया वर!"

"वरच हायत की."

"नाहीत!"

अखेर रेश्मा उठली. ती आबांच्या समोर बाकावर चढून उभी राहिली आणि तिने दोन्ही अंगठ्यांनी त्यांच्या पांढऱ्या, जाड भुवया वर ढकलल्या. मग मागे होऊन बघितलं. भुवया खाली आल्या. तिने परत ढकलल्या. असं तिने किती दिवस केलं कोण जाणे. मी पाढे शिकवत होते, मागच्या ओळीत हे चाललेलं असायचं. एका सकाळी मी वळले तर रेश्माचे हात तिच्या मांडीवर होते आणि आबांच्या भुवया वर. सगळा चेहराच वर गेला होता, कपाळाच्या आठ्या, डोळे, मिशी, सगळं. जेवलीस का?

रेश्माने मान डोलावली. जेवले. मग तिने बोटं जुळवून उलट विचारलं. तुम्ही जेवलात का, आबा?

आता रोजची कटकट अशी. आबा दुधाच्या टेम्पोतून उतरले की गेटपाशी पोरांचा गराडा पडतो. ते प्रत्येकाला विचारतात. प्रत्येक जण त्यांना विचारतो. आबा प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देतात, एकदा सगळ्यांना मिळून सांगितलं तर चालत नाही. प्रार्थना उशिरा होते, माझा पहिला तास निम्मा जातो. मोठ्या बाई माझ्याकडे बघतात आणि मी घंटेकडे बघते.

त्यातून परवा त्यांनी 'नाही' म्हणून सांगितलं. रेश्माने विचारलं, जेवलात का, आणि आबांनी मान हलवली, नाही. भुवया खाली, चेहरा पाडलेला. एकदम हाहाकार उडाला. दोघींनी डावा हात धरला, सोहेलने उजवा, मागून आणखी कुणी कुणी धोतराला धरलं आणि अख्खा वर्ग त्यांना ओढत स्वयंपाकघराकडे निघाला. मी हातात हजेरी घेऊन मागून धावले.

दारात मंदामावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पुतण्याची बायको आबांना सकाळी पोटभर वाढल्याशिवाय घराबाहेर पडू देत नाही, हे मावशींना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. आबांच्या मिशीला पिठलं लागलेलं होतं, अजून ओलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी हजेरीत डोकं घातलं. त्यांनी पाट मांडला. आबा बसले, मुलं त्यांच्याभोवती गुडघ्याला गुडघे लावून बसली, आणि सोहेलने धरलेला उजवा हात सोडला नाही म्हणून आबा डाव्या हाताने, सावकाश, दुसऱ्यांदा जेवले.